डाव्या दिव्याचा घाम

आबा,

परवा कुपवाडच्या माझ्या वर्कशॉपात एक ट्रकवाला आला. ट्रक जुना आणि तक्रार ट्रकाहून जुनी. दिव्याच्या काचेला आतून घाम येतो, बाहेरून पुसून पुसून हात दुखले, आता काय करू म्हणाला. मी नेहमीप्रमाणे दिव्याच्या पोटाखाली बोट फिरवलं आणि तुमची आठवण झाली. आठवण म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. तुम्हाला विचारायचा राहिलेला एक प्रश्न आठवला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझं वय आता तुमच्या तेव्हाच्या वयाला येऊन टेकलंय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून कोणीतरी शेजारी बसून वाचून दाखवील अशा बेताने सविस्तर लिहितो.

युद्धाचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून मालकांनी मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवून घेतली होती, आणि तिच्या गॅसवर ती सातारा-सांगली सर्व्हिस खोकत खोकत चालायची. स्टेरिंगवर तुम्ही, आणि मी साताऱ्याच्या स्टँडामागच्या गॅरेजात. माझं नुकतंच लग्न झालेलं. शाळा चौथीत सुटली, पण मोटारीतलं जे काही मला येतं ते मी मोटारी उघडून शिकलो, कोणाच्या हाताखाली राहून नाही. हे मी तेव्हाही सांगायचो, आजही सांगतो.

पौषातल्या एका पहाटे इस्लामपूरच्या अलीकडे उसाच्या रानांतून धुकं रस्त्यावर उतरलं होतं. तुम्ही मोटार कडेला घेतली आणि ऊन पडेपर्यंत हलवली नाही. उतारू खाली उतरले, त्यांनी बिड्या ओढल्या, शिव्या घातल्या. त्यात एक वकील होते, त्यांची कोर्टाची तारीख चुकली. त्यांनी मालकांना गाठून सांगितलं की तुमच्या डायवरला दिसत नाही. झालं. दुसऱ्या दिवशी मालक स्टँडावर आले. मी तिथेच होतो, हात कोळशाने काळे.

"डायवर, डोळे गेले तुमचे," मालक म्हणाले.

"डोळं न्हाई गेलं, मालक. डावा दिवा आंदळा झालाय. आतनं घाम धरतोय."

"दिव्याला घाम? मग त्याला तापही भरत असेल. ती समोरची पाटी वाचून दाखवा बघू."

सगळा स्टँड हसला, कारण तुम्हाला अक्षर येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही शांतपणे डोळ्यांवर हाताचा आडोसा धरलात. "अक्षराची आन् माझी वळख न्हाई मालक. पर पाटीवर चार चिमण्या बसल्यात, त्यातली कडंची लंगडी हाय." एक हमाल पाटीखाली जाऊन बघून आला आणि मान डोलावली. मालकांनाही हसू आलं, पण ते ऐकणारे नव्हते. "दिवसा चिमण्या कोणालाही दिसतात. पहाटेचं बोला. अमावास्येपर्यंत दिवा नीट करून दाखवा. नाही झाला, तर दोष दिव्याचा नाही असं मी धरीन. मग तुम्ही खाली आणि दुसरा डायवर वर."

आपण घराकडे निघालो. मोटारीवरून उतरलेला डायवर म्हणजे काय, हे आपण रोज बघत होतो. असा एक म्हातारा स्टँडावरच्या कट्ट्यावर बसायचा आणि लांबून येणाऱ्या मोटारीचा आवाज ओळखून दाखवायचा, कोणी विचारलेलं नसताना. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. तुम्ही त्या कट्ट्याकडे न बघता चालत होता, ते मी पाहिलं.

मी दिवा उतरवला. काच काढली, आतली उजेड फेकणारी, चांदीच्या मुलाम्याची वाटी काढली. ती पिवळी पडली होती. चांदी उजळायला काजळी आणि मऊ कापूस घेऊन मी ती मधून कडेकडे पुसली. गोल गोल पुसलं की ओरखडे उजेडात दिसतात. काचेखालची बुचाची पट्टी वाळून तडकली होती, म्हणजे पाणी इथूनच शिरत असणार. पट्टी नवी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी काच पुन्हा दुधासारखी. मग बुचाऐवजी सायकलच्या ट्यूबचं रबर कापून बसवलं, तरी तेच. मग कडेनं लाख ओतली. त्या सकाळी तर आतून थेंब ओघळत होते. मला कोडं पडलं. जितकं बंद करावं तितका घाम जास्त, आणि शेजारचा उजवा दिवा, त्याच मोटारीचा, तेच धुकं खाणारा, पट्टी तडकलेली असूनही कोरडा ठणठणीत. आबा, खरं सांगतो, त्या दिवसांत मला तुमच्या काळजीने झोप लागत नव्हती आणि त्या दिव्याच्या नवलानेही लागत नव्हती. कोणतं जास्त होतं ते आज नेमकं सांगता येणार नाही.

त्यातच मालकांनी मोटार दोन खेपा कवठे महांकाळकडे पाठवली. परत आल्यावर तुम्ही म्हणालात, "तिकडच्या वाळल्या रानात दिवा कसा लख्ख व्हता. हिकडं कृष्णाकाठाला आला की रडाया लागतोय. माह्यार दिसलेली सासुरवाशीण हाय जनू." मी हसलो आणि विसरलो. विसरायला नको होतं.

मग ते जेवण. तुमच्या सुनेनं माहेराहून पितळेचा झाकणाचा डबा आणला होता, आणि हौसेनं तव्यावरच्या भाकरी थेट त्यात ठेवल्या होत्या. तुम्ही झाकण काढता, झाकणाला लोंबणारे थेंब भाकरीवर पडतात, वरची भाकरी लगदा. आई घाईनं म्हणते, "आवं, पोरीला काय बोलू नगा." तुम्ही म्हणता, "बोलत न्हाई. पर गरम जिनसाला कोंडलं की ती रडनारच. दुरडीत ठेव पोरी, जरा वारं लागू दे." माझा घास हातातच राहतो. दिवाही तापतो की. तापला की आतलं दमट वारं फुगणार, निवला की बाहेरचं आत ओढणार. म्हणजे पाणी आत शिरतं ही तक्रारच नव्हे. ते सगळ्याच दिव्यांत शिरतं. प्रश्न असा, की ते उजव्यातून जातं कुठून, आणि डाव्यातून का जात नाही.

ताट तसंच ठेवून मी गॅरेजात गेलो. उजव्या दिव्याच्या बुडाला, अगदी खाली, एक बारीक भोक होतं. कारखान्यानंच ठेवलेलं. इतके दिवस मी दिवा समोरून बघत होतो, खाली वाकून कोण बघतो. डाव्याला त्याच जागी लाल, दगडासारखा कठीण गोळा. शेंदूर.

तो कशाचा हे मला कोणी सांगायला नको होतं. मोटारीवर येण्याआधी तुम्ही बैलगाडी हाकत होतात तेव्हा रस्त्याच्या डाव्या अंगाच्या म्हसोबापुढे गाडी थांबवायचात, खाली उतरून बोटभर शेंदूर लावायचात आणि मगच पुढे जायचात. सर्व्हिस मोटार काही म्हसोबासाठी थांबत नाही. मग ज्या दिव्याचा उजेड देवाच्या तोंडावर पडतो त्या दिव्यालाच तुम्ही निघताना बोट लावायला लागलात. मालक काचेवरच्या लाल डागावरून बोलले, तेव्हापासून खाली, कोणाला दिसू नये असं. आणि शेंदूर घ्यायचात आमच्या गॅरेजातल्या डब्यातला, कारण तो तेलात मळून तयार असायचा. भट्टीच्या नळ्यांच्या सांध्यांतून गॅस गळू नये म्हणून मीच तो मळायचो, जवसाच्या तेलात. देवाच्या तेलातला शेंदूर ओला राहतो, पुसला तर निघतो. जवसाच्या तेलातला वाळून दगड होतो, त्यातून वारासुद्धा जात नाही. म्हणजे माझ्या हातचा माल आणि तुमच्या हातची भक्ती, दोन्ही चोख. दिवा बिचारा मधल्यामध्ये गुदमरला.

मी छिन्नी उचलली आणि परत ठेवली. तो गोळा फोडला तर उद्या तुम्ही त्याच जागी पुन्हा बोट लावणार. लावू नका म्हणावं, तर का ते सांगावं लागणार, आणि अमावास्या तोंडावर असताना म्हसोबाच्या शेंदरानंच तुमच्या पोटावर पाय आणला हे तुम्हाला सांगायला मी तयार नव्हतो. मग मी शेंदरापासून बोटभर मागे दुसरं भोक पाडलं. सायकलच्या तारेच्या जाडीचं आणि मागच्या बाजूला तिरपं, म्हणजे चाकाचं पाणी उडालं तरी आत जाणार नाही. लाख खरवडून बुचाची साधी पट्टी बसवली.

"काय केलंस?" तुम्ही विचारलंत.

"वायसर बदलला," मी म्हणालो.

"बरं."

अमावास्येच्या पहाटे मी तुमच्या शेजारी बसलो. मालक मागच्या बाकावर, शाल गुंडाळून. तेच धुकं, तीच उसाची रानं. डाव्या दिव्याचा उजेड पिवळा, स्वच्छ, लांब पसरलेला. वळणावर म्हसोबाचा दगड उजेडात आला, त्यावरचे चांदीचे डोळे चमकले. तुम्ही स्टेरिंगवरचा एक हात काढून कपाळाला लावलात. मी हळूच विचारलं, "दिसतंय नव्हं, आबा?" तुम्ही म्हणालात, "त्योच इचारतोय मला." मालक मागून म्हणाले, "चालवा, चालवा. हात ठेवा स्टेरिंगवर." एवढंच. दिव्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

सरकारी मोटारी येईपर्यंत तुम्ही ती गाडी चालवलीत आणि मग आपल्या मनानं उतरलात, कोणी उतरवलं म्हणून नाही. तेवढ्या वर्षांत डाव्या दिव्याला एकदाही घाम आला नाही. मी गॅरेजात सगळ्यांना माप सांगायचो, एवढ्या जाडीचं भोक, एवढं तिरपं, जन्मात बुजणार नाही. त्याच सुमाराला तुमच्या टोपीच्या घडीत बाभळीचा एक काटा दिसायला लागला होता. आईनं विचारलं तर म्हणालात, पायात मोडलेला काटा काढाया. आई शेजारणीला सांगायची, "दिसभर मोटारीत बसून ह्यांच्या पायात काटा कुटला मोडतोय, म्हसोबाला ठावं." मीही हसायचो.

उतरलात त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात, आणि पुढच्याच पावसाळ्यानंतर, आता आडरस्त्याला चालणाऱ्या त्या मोटारीचा नवा डायवर दिवा घेऊन माझ्याकडे आला. काच आतून पांढरी. माझं भोक चिखलानं गच्च भरलेलं. तारेनं मोकळं केलं. पंधरवड्यानं तो पुन्हा आला, मग पुन्हा. माझं माप मला खोटं पाडत होतं. मग तुमच्या वेळी ते इतकी वर्षं मोकळं कसं राहिलं? हा प्रश्न डोक्यात घेऊन घरी आलो तेव्हा तुमची टोपी खुंटीला होती. काटा घडीतच होता. त्याच्या टोकापासून पार वरपर्यंत चिखल वाळून काळा झाला होता. पायातल्या काट्याला असा चिखल लागत नाही.

आता माझा प्रश्न. तुम्हाला कधी कळलं? त्याच पहाटे बोट लावताना शेजारी नवं भोक लागलं आणि काय ते समजलात, की सावकाश? कारण भोक कशाला हे कळलं असेल, तर जुनं कशानं बुजलं हेही कळलं असणार. तरी शेंदूर त्याच जागी लावत राहिलात आणि शेजारचं भोक काट्यानं टोकरत राहिलात, मला एक अक्षर न सांगता. मी तुमच्यापासून लपवत होतो तसं तुम्ही माझ्यापासून? की तुमच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं, देवाचं देवाला आणि दिव्याचं दिव्याला? यातलं कोणतं ते मी खूप ताडून बघतो. एकेका दिवशी एकेक खरं वाटतं.

ट्रकवाल्यानं परवा विचारलं, "भोक केवढं पाडायचं, मिस्त्री?" मी माप सांगितलं. तिरपं पाडायचं तेही सांगितलं, आणि हे कोणी शिकवलं म्हणाला तेव्हा नेहमीसारखं म्हणालो, कोणी नाही. काट्याचं बोलायला तोंड उघडलं होतं, पण मिटून घेतलं. पावसाळा संपला की तो परत येईल हे मला चांगलं माहीत आहे. कागद तुमच्या टोपीत ठेवतो.