तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

३ सप्टेंबर

वाचणाऱ्या, आधी चष्मा शोध. डोक्यावर आहे. सापडला? बरं. तुम्हा लोकांना अक्षर येतं, म्हणून तुम्ही सगळं वहीत ठेवता आणि मग वही कुठं ठेवली ते विसरता. मला अक्षर येत नाही. मला सगळं आठवतं!

तरी ही वही का? सून म्हणाली, "अबी-ले, तुमचं बोलणं वाया जातं, मी लिहून ठेवते." अबी म्हणजे आजी, नातवामुळं सगळेच तसं म्हणतात. मी नको म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बसले. रीत आहे.

तर मी बोलते, सून कुंझेस लिहिते. मधे स्वतःचं काही घालायचं नाही असं तिला बजावलंय. हेही लिही म्हटलं.

आज विमानानं एक पाहुणी आली. हॉलंडची. नाव हन्नेके. कुंझेस पाहुण्यांना लेह फिरवून दाखवते आणि पाहुणे उतरतात आमच्याच माडीवर. ही एकटीच. नवरा कुठाय विचारलं. केलाच नाही म्हणे. चेहरा मात्र मजेत!

लोण्याचा चहा ओतला. ती म्हणाली, नको. मी ओतला. नको. ओतला. तिसऱ्यांदाही नकोच! मी किटली हातात धरून उभी. आता पुढं काय करतात ते मला आईनं शिकवलेलंच नाही.

कुंझेस म्हणाली, "अबी-ले, तिला खरंच नकोय."

"मग हवं असलं की काय म्हणते?"

"हवं म्हणते."

"पहिल्याच खेपेला?"

"पहिल्याच खेपेला."

कुणी वाढवलं हिला!

४ सप्टेंबर

हन्नेके डोकं धरून पडली आहे. पहिले दोन दिवस पडून राहा, इथली हवा पातळ आहे, असं सांगितलं होतं. ती पळत जिना चढली. आता लसणाचं सूप पितेय. पहिल्याच खेपेला हो म्हणाली.

६ सप्टेंबर

आज कुंझेसनं तिला राजवाडा दाखवायला नेलं. मला बाजारात सलगम द्यायचे होते, म्हणून मीही निघाले. पाठीवर टोपली माझ्या आणि धापा तिला! दर वळणावर थांबायची आणि भिंतीकडे बघत विचारायची, हे किती जुनं? राजवाडा किती जुना, विलोचं झाड किती जुनं. शेवटी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कुंझेस, हिला सांग, राजवाड्यापेक्षा लहान आहे.

बाजारात मंत्राचं मोठं चाक उलटं फिरवून आली. झालं! आख्ख्या गल्लीचं पुण्य परत गेलं. मी मागून जाऊन सुलटं फिरवत बसले, खांदा गेला. फुटपाथवर भाजी विकणाऱ्या बायका बघत होत्या. "अबी-ले, ही कोण? नवी सून?" म्हटलं, "ओझं आहे गं. गाजरांच्या बदल्यात घेतेस का?" एकीनं हन्नेकेला वरखाली बघितलं आणि म्हणाली, "खाते किती?" मी म्हटलं, "विचारशील तितकं."

हन्नेके विचारत होती, काय म्हणतायत? कुंझेस म्हणाली, तुमचं स्वागत करतायत. या धंद्यात पोट भरेल माझ्या सुनेचं.

७ सप्टेंबर

मन ठीक नाही. जेवणात हन्नेके पुढचा बेत सांगत होती. जीपनं झंस्कारला जायचं, तिथं चोमोंच्या, म्हणजे भिक्षुणींच्या, मठात दोन दिवस राहायचं. कोणता मठ ते कुंझेसनं सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे तोच. यांगझिनचा.

यांगझिन माझी धाकटी बहीण. पोरवयातच डोकं भादरून चोमो झाली. आमचा म्हातारा गेला त्या वर्षी मी तिच्याकडे गेले होते. निघायच्या दिवशी रस्त्यावर ट्रक उभा. ती म्हणाली, "आचे, हिवाळाभर राहा ना इथंच." मी म्हटलं, छे, घरी गाय आहे. ती म्हणाली, "राहा गं." मी म्हटलं, छे छे. आणि मग ती वळली आणि आत निघून गेली! तिसऱ्यांदा विचारलंच नाही. परक्या बाईला तिसऱ्यांदा विचारतात, भिकाऱ्याला विचारतात! मी ट्रकमध्ये चढले ती रडत लेहपर्यंत आले. ड्रायव्हरला म्हटलं, धूळ आहे.

नातू तेव्हा रांगत होता. आता मला इंग्रजीत ओरडतो. तेव्हापासून ना तिचा फोन, ना माझा. फोन लागतो तिकडं. पण ज्यानं कमी विचारलं त्यानं करायचा.

८ सप्टेंबर

फजिती ऐक.

सकाळी हन्नेके स्वयंपाकघरात आली. ती बोलली ते कुंझेसनं आमच्या भाषेत सांगितलं ते असं. जीपमध्ये मागची सीट रिकामी आहे, तुमची बहीण तिथं आहे ना, तुम्हीही चला. मी तर उठलेच होते! पण तोंड आपलं वळणाचं. म्हटलं, छे, गुडघे कुठं चालतात. आणि ती काय म्हणाली?

"ओके."

आणि गेली बॅग भरायला! एकदा! एकदाच विचारून! अशानं त्यांच्या देशात लोक उपाशी कसे मरत नाहीत?

मी चांगला गोंचा काढून अंगात घातला आणि तिच्या खोलीसमोरून गेले. पुन्हा गेले. गुडघ्यांना काही झालेलं नाही हे दिसावं म्हणून जिना दोनदा चढले-उतरले. ती बाहेर येऊन म्हणाली, छान कपडे, फोटो काढू का? काढला.

संध्याकाळी कुंझेसनं ओळखलं. "अबी-ले, तुम्हाला जायचंय?" "छे." "खरंच नाही?" "छे म्हटलं ना." आता तिसऱ्यांदा विचारायला तिनं तोंड उघडलं आणि चुलीवर दूध उतू गेलं. ती धावली. परत आली ती सायीबद्दल बोलत. आता लिहिताना कळतंय तिला. गप लिही.

नाही. आता विचारू नकोस. वहीत विचारलेलं मोजत नाहीत.

९ सप्टेंबर

दोघी गेल्या. मागच्या सीटवर माझ्याऐवजी बटाट्याचं पोतं बसलंय. ड्रायव्हरकडे छुर्प्याची, वाळवलेल्या चीजची, पुरचुंडी दिली. त्यालाच खायला दिली. तो चोमोंना वाटणार असेल तर मी काय करू?

आज मुलगा लिहितोय. म्हणून फार काही सांगत नाही.

१३ सप्टेंबर

परत आल्या. हन्नेकेचं नाक उन्हानं सोललंय. आल्या आल्या माझ्यासमोर मांडी घालून बसली, कुंझेसला जवळ ओढलं. तिला सगळं आत्ता सांगायचं होतं.

मठात एक म्हातारी चोमो किटली घेऊन हिच्या मागं लागली. ही नको म्हणे, ती ओती. हन्नेके म्हणाली, लेहमध्ये मी राहते तिथं अशीच एक आहे! चोमो थांबली. विचारलं, कुणाचं घर? नाव ऐकल्यावर किटली खाली ठेवली.

"तीच का? मी राहा म्हटलं, छे म्हणाली. पुन्हा म्हटलं, पुन्हा छे म्हणाली. म्हटलं, तिसऱ्यांदा रिकाम्या हातानं कशी विचारू? म्हणून आत गेले, भाजलेल्या जवाचं पीठ लोण्यात कालवलं, ताटली घेऊन बाहेर आले. ट्रक पुलापलीकडे! तिला तेवढाही दम धरवला नाही. सख्ख्या बहिणीसाठी थांबली नाही!"

म्हणजे इतकी वर्षं ती माझ्यावर रागावलेली!

मी म्हटलं, ट्रकवाला हॉर्न देत होता, त्याचं काय? जव कालवायला एवढा वेळ? पहिल्यापासून हळू आहे ती! मग हन्नेकेनं एक बोट वर केलं आणि मोडक्या लडाखीत म्हणाली, "अबी-ले, चला." मी म्हटलं, छे. दोन बोटं. "चला." छे. मग तिसरं बोट वर करून थांबली. डोळे मिचकावले. चोमोनं शिकवून पाठवलंय हिला!

मी म्हटलं, तिसरं यांगझिननं म्हणायला हवं, तू कोण?

आणि उठून गाईकडे गेले. गाय काही बोलत नाही ते बरं असतं.

१४ सप्टेंबर

हन्नेके विमानानं गेली. जाताना सुके जर्दाळू दिले. पहिल्यांदा नको म्हणाली. मी दुसऱ्यांदा पुढं केले, नको म्हणाली. तिसऱ्यांदा घेतले, आणि स्वतःवरच इतकी हसली की मफलर विसरून गेली. तिलाही अक्षर येतं ना!

बटाटेवाला ड्रायव्हर परवा पुन्हा झंस्कारला जातोय. मुलगा म्हणाला, "आमा-ले, तुझ्यासाठी सीट—" त्याला पुढं बोलू दिलं नाही. लोक विचारतात, दूध उतू जातं, ट्रक सुटतो. माझं वय आहे का थांबायचं? पिशवीत सातूचं पीठ भरलं. गोंचा धुवायला टाकला.

१९ सप्टेंबर, झंस्कार

इथली एक चोमो लिहिते आहे, अक्षर बारीक आहे, चष्मा शोध.

दारात पोचले. यांगझिननं काही विचारलं नाही, नुसतीच ताटली पुढं केली. मी पहिल्याच खेपेला हो म्हटलं.

हिवाळाभर इथंच. कुंझेस, हे पान फाडून ड्रायव्हरबरोबर देतेय. घाट बंद व्हायच्या आत लोणी पाठव, आपल्या गाईचं, पाकिटातलं नको. आणि यांगझिनसाठी छुर्पे. ती म्हणते काही नको. दोनदा म्हणाली. तेव्हा जास्त पाठव.