विमलताईचे हात

पांढरकवडा,
१२ डिसेंबर

तीर्थरूप विमलताईस,
दिपूचा नमस्कार.

"गाठीले सुई लागली का ते पसरते." आई गेली त्या वर्षी मागच्या अंगणात भांडी घासता घासता तू हे म्हणाली होतीस. परवापासून तेच वाक्य डोक्यात आहे. फोन केला नाही, कारण माझ्या आवाजावरून तुला लगेच कळलं असतं.

बबनभाऊजींचा गुडघा कसा आहे? कापूस वेचणीला बाया मिळाल्या का? इकडं सगळं ठीक आहे.

माझ्या जबड्याखालच्या सुजेचं तुला माहीतच आहे. घास तोंडात गेला की डावीकडं फुगायचं, मग हळूहळू उतरायचं. नयनच्या लग्नात मी पंगतीला बसलेच नाही, वाढत राहिले. घरी जेवताना अमर म्हणाले, "लाडू गालात दडवला काय वं?" तू गालगुंड समजून हळद-चुन्याचा लेप सांगितलास, तोही मी लावला. यवतमाळला सोनोग्राफीच्या मॅडमनी आधी तो वाळलेला लेप पुसायला लावला. मी म्हटलं, बहिणीनं सांगितला होता. त्या हसल्या. पिवळा डाग अजून गेलेला नाही.

मग त्यांनी काहीतरी आंबट मागितलं. अमर खालच्या पोहेवाल्याकडून निंबाची फोड घेऊन आले. ती जिभेवर ठेवली तशी पडद्यावर एक काळी नळी रुंद होत गेली. तिच्या टोकाशी पांढरा ठिपका होता आणि ठिपक्यामागं सावली. मॅडम म्हणाल्या, हा खडा आहे, लाळ अडते म्हणून फुगतं. गालगुंड असतं तर असं दिसलं नसतं. अमरना इतका आनंद झाला की बाहेर जाऊन त्यांनी सगळ्यांना फोन केले. तुलाही केला. त्यांनी सांगितलं ते खरंच आहे.

पण मॅडमनी यंत्र बाजूला ठेवलं नव्हतं. लाळेच्या सगळ्याच ग्रंथी पाहून घेते म्हणाल्या. उजव्या कानाजवळ आल्या आणि तिथंच यंत्र फिरवत राहिल्या. मला तिथं कधी दुखलं नाही, हातालाही काही लागलं नाही. पडद्यावर मात्र एक काळसर गोळा होता. त्याच्यामागं सावली नव्हती.

कडा बरीचशी नीट आहे, एका जागी पुसट आहे, असं त्या म्हणाल्या. इथल्या बहुतेक गाठी साध्या निघतात, पण ही कोणती ते नुसतं बघून ठरत नाही. सुई लावून आतला थोडा नमुना तपासावा लागेल.

ताई, आईची गाठ तिथंच होती.

तेव्हा मी तुझ्याशी वाद घातला होता. गाठ सुईच्या आधीपासून वाढत होती, असं मी म्हणत होते. आजही मला तसंच वाटतं. पण आईच्या गाठीबद्दल ते म्हणणं सोपं होतं. आता आरशासमोर उभी राहिले की कानाजवळ बोट नेते आणि न लावताच मागं घेते. तुझं वाक्य खोटं आहे हे मला ठाऊक आहे. तरी भीती वाटते.

आईला सुई लावताना तिचं डोकं तू धरलं होतंस. त्यानंतर तू माझ्या डोक्याला कधी तेल लावलं नाहीस. मी वाटी घेऊन समोर बसले की तुला काहीतरी काम आठवायचं. मला ते कळत होतं. विचारायची हिंमत झाली नाही.

आईच्या वेळी डॉक्टरांनी हातानं चाचपून सुई टोचली होती. आता सुईचं टोक कुठं जातं ते पडद्यावर दिसतं. मान मात्र जरासुद्धा हलता कामा नये, डोकं धरायला कोणीतरी आणा, असं मॅडमनी सांगितलंय. अमरना विचारलं, तर सुईचं नाव ऐकूनच ते खुर्चीत बसले. "मले चक्कर येते," म्हणाले, आणि पाणी मलाच आणावं लागलं.

तू नाही म्हणशील. वेचणीचं सांगशील, भाऊजींच्या गुडघ्याचं सांगशील, आणि दोन्ही कारणं खरी असतील. तरी मागते. सोमवारी सकाळच्या बसनं मारेगावहून यवतमाळला ये. स्टँडवर मी उभी असेन.

तेल नको लावू. फक्त डोकं धर.

तुझी
दिपू