कोल्ह्याच्या सापळ्यात कुत्रा

अल्फॉन्स बाळा,

शहरात गेलास नि आजीला विसरलास, ते एक वेळ चालेल. माझं तोंड काही रोज आठवावं असं नाही. पण अस्वल्या कुत्रा तुझाच ना रे?

तो रोज तुझ्या जुन्या वाटेने तळ्यापर्यंत तुला शोधत जातो. काल तिथे मी कोल्ह्यासाठी लावलेल्या सापळ्यात त्याचा पाय अडकला. मी त्याच्या डोक्यावर शाल टाकली, "गप गाढवा, मीच आहे," म्हणत सापळ्याच्या दोन्ही स्प्रिंगा पायांनी दाबल्या. पंजा सुटला, हाड शाबूत आहे. मला चावला, पण ओळख ठेवून, हळूच. त्या वाटेवरचे सापळे मी उचलले.

पडून राहिला तर पाय बरा होईल. पण हा लंगडत दाराशी जातो नि दार ओरबाडतो. माझं बोलणं लिहून घेणारी तुझी बहीण सेलिन म्हणते, "आजी, हे नको सांगू, दादा रडेल." रडू दे. तसंही बर्फाचं वादळ थांबून टपालाचं विमान येईपर्यंत पत्र चहाच्या डब्याखालीच राहणार.

संत्री पाठव, आणि तुझ्या न धुतलेल्या सदऱ्यात गुंडाळून पाठव. संत्री मला, सदरा त्याला. मग बघू कसा चुलीपाशी पडून राहत नाही ते.

तुझी आजी,
मादलेन