गुरुवारची गाडी

गुरुवार, १७ नोव्हेंबर १९९४

आज सकाळी कन्नडहून येताना बोरीफाट्यावर मी बेलची दोरी ओढली. गाडी थांबली. उतरणारं कोणी नव्हतं, चढणारंही नव्हतं.

ड्रायव्हर कडूबानं आरशातून पाहिलं. "कोण उतरतंय रे?"

मी डबल बेल दिली. गाडी निघाली.

दर गुरुवारी गुरुजी तिथूनच चढायचे. माणूस भाद्रपदात गेला, हाताला अजून कळलेलं नाही — असं कडूबाला सांगितलं. पण दोरी ओढायच्या आधी मला बाभळीखाली त्यांची छत्री दिसली होती. ते नाही सांगितलं.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

रात्री नीट झोप नाही.

गुरुजी माझे सासरे नंतर झाले, आधी मास्तर. पोलीस ॲक्शननंतर निजाम गेला, उर्दू शाळा मराठी झाली, तेव्हा ते आमच्या गावात आले. स्वतःचं सगळं शिक्षण उर्दूत. दुपारी वाण्याच्या ओट्यावर बसून मराठी पाढे पाठ करायचे आणि सकाळी आम्हाला शिकवायचे. मध्येच थांबून, "पुढं काय रे?" आम्हाला वाटायचं, परीक्षा घेतात. जीव खाऊन ओरडायचो. माझ्या लग्नात, मांडवात, कानाशी येऊन म्हणाले, "जावईबापू, त्या एकोणतीसच्या पाढ्याचं — मला खरंच येत नव्हता."

घरात जावईबापू, गाडीत मात्र रामकिसन. "रामकिसन, तिकीट फाड." मी नको म्हणालो तर, "जावयाच्या गाडीत फुकट बसलो तर उद्या सगळा गाव तुझा सासरा होईल." मागची बाकंसुद्धा हसली होती.

गुरुवारी आमच्याकडं औरंगाबादला यायचे. नातीचं, आमच्या निर्मलाचं, गणित घ्यायचे, लेकीला मेथी निवडून द्यायचे, जेवून खाटेवर आडवे व्हायचे. संध्याकाळच्या गाडीनं परत. निघताना मामींसाठी गुळाच्या गुडीशेवेचा पुडा. मामी म्हणजे माझी सासू, आवडाबाई. फाट्यापासून त्यांच्या गावापर्यंत अंधार, म्हणून बॅटरी घेऊन त्यांना घ्यायला यायच्या. इतक्या वर्षांचा संसार, तरी घ्यायला यायच्या.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

ऊस सुरू झाला. ट्रॅक्टरला मागं दिवा नाही, ट्रॉलीला तर काहीच नाही. आज खुलताबादच्या अलीकडं एक सायकलवाला थोडक्यात वाचला.

गुरुवार, २४ नोव्हेंबर

संध्याकाळी फाट्यावर मामी आजही होत्या. दर गुरुवारी असतात. सडकेच्या अगदी कडेला, हातात बॅटरी. गाडी थांबली की दारातून आत पाहतात, एकेक बाक. मी दारात उभा असतो, तर माझ्या बाजूनं वाकून पाहतात.

"मामी, थंडी पडली. कशाला येता?"

"आले आपली."

"चला आमच्याकडं. लेक रोज वाट बघती तुमची."

"मी तिकडं आले अन् ते इथं उतरले, तर? अंधारात बॅटरी कोण धरंल?"

कडूबानं इंजिन तसंच चालू ठेवलं, घाई केली नाही. मग मामींनी विचारलं, निर्मलाची सहामाही कशी गेली, माझा गुडघा कसा आहे. डोकं अगदी ठिकाणावर आहे. तेच मला जड जातं.

मागून उसाची ट्रॉली आली. मामींच्या पदराला वारा लागला इतकी जवळून गेली. त्या हलल्यासुद्धा नाहीत.

शनिवार, २६ नोव्हेंबर

खुलताबादला गाडी थांबली. भद्रा मारुतीच्या दिशेनं हात जोडले. मागणंच सुचेना. गुरुजी दिसू नयेत म्हणू, की एकदा मामींनाही दिसावेत म्हणू? नुसतेच हात जोडून उभा राहिलो. कडूबा म्हणाला, "देवाला आज रजा दे रे."

गुरुवार, १ डिसेंबर

पहिल्या बाकावर, गुरुजींच्या जागेवर, आज कोणी बसलं नाही. गाडी भरलेली, माणसं उभी. मी कोणाला अडवलं नव्हतं.

मामी होत्या.

रविवार, ४ डिसेंबर

हिच्याशी बोललो. ही म्हणजे त्यांचीच लेक, तिला माझ्यापेक्षा जास्त घोर.

"उचलून आणा आईला. ऐकू नका तिचं."

"आणलं तर इथल्या खिडकीत बसून रस्ता बघतील. नाहीतर एक दिवस एकट्याच गाडी धरून परत जातील."

"मग मी काय करू? निर्मलाची बारावी हाय. मार्चपर्यंत मला हलता येत नाय." मग रागानं म्हणाली, "तुम्हीच उतरा जाऊन तिथं."

थोड्या वेळानं तिनं माझ्याकडं पाहिलं. मीही पाहिलं.

मंगळवार, ६ डिसेंबर

कन्नड डेपोला बदली मागितली, म्हणजे मामींकडं राहता येईल. साहेब म्हणाले, लोक तिकडून शहरात यायला मागतात, तुमचं उलटंच.

कडूबाला कळलं. "पन्नाशीला टेकलास अन् आता घरजावई होतोस व्हय?" दिवसभर त्यानं तेच चालवलं. वेरूळला चहा पाजला तेव्हा मात्र म्हणाला, "म्हातारीनं त्या ट्रॅक्टरच्या सडकेवर अंधारात उभं राहायला नको. जा तू."

माझा भाऊ पुंजाराम बोलला ते लिहीत नाही. आमच्यात सासऱ्याच्या घरी राहणाऱ्याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

गुरुवार, २२ डिसेंबर

धुकं. मामी उभ्या होत्या. शेजारी कोणीतरी होतं असं वाटलं. गाडी जवळ गेली तर मामी एकट्या.

देवा, हे माझे डोळे की काय आहे?

शनिवार, ३१ डिसेंबर

ऑर्डर आली.

गुरुवार, ५ जानेवारी १९९५

संध्याकाळी वळकटी घेऊन बोरीफाट्यावर उतरलो. गाडी निघून गेली. मामींनी बॅटरी माझ्या तोंडावर धरली, मग माझ्या मागं, रिकाम्या सडकेवर. बराच वेळ तिकडंच धरून राहिल्या.

"चला," म्हणाल्या. "दोघांपुरतंच केलंय."