मैदानाकडे पाठ

तुबान,
शुक्रवार, दुपारची नमाज आटोपून

प्रिय म्बाक यानी,

तुझ्या धाकट्या भावाचा सलाम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र बोजोनेगोरोच्या बसवाल्याबरोबर धाडतोय. बुलिक मावशीच्या गुडघ्यांना आता कसं आहे? इबू ठीक आहे, आईची काळजी नको. तिने तुझ्यासाठी ताडाच्या ताज्या नीरेची बाटली दिली आहे, लगेच पिऊन टाक, नाहीतर आंबेल आणि मग बुलिकला नाचावं लागेल. माझं काम बरं चाललंय. बांगड्याचा हंगाम आहे, त्यामुळे रोज कोणाच्या ना कोणाच्या होडीचं इंजिन बंद पडतं.

तेगुहला मुलगी झाली. सामन्याच्या दिवशीच झाली, तरी हा ढोल घेऊन मैदानावर हजर. बायको आता त्याला घरात घेत नाही. आम्ही तुझ्या फाटकावर टांगलेला फलक मी स्वतः उतरवला आणि गर्दीत लवंडलेल्या मिरचीच्या कुंड्या सरळ करून ठेवल्या. दोन रोपं मात्र गेलीच.

त्या संध्याकाळबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण कुंड्यांवर आलो म्हणजे आलोच की. आम्ही मैदानावरची सगळी गॅलरी घेऊन तुझ्या दारात गात होतो, तुझे यजमान, आमचे मास मार्नो, बाहेर आले, रडले आणि म्हणाले, "आणखी एक वर्ष. कुठे जात नाही मी." तू उंबऱ्यात उभी होतीस. मला म्हणालीस, "माझा भाऊ म्हणून आलायस, की यांचा म्होरक्या म्हणून?" मी हसत म्हणालो, "दोन्ही." तू सगळ्यांना चहा दिलास, एकालाही वगळलं नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघून गेलीस. 

म्बाक, तू मला आधीच सांगितलं होतंस. त्यांच्या गुडघ्यात आता काही राहिलेलं नाही, कालिमंतानच्या क्लबने मानाने बोलावलंय, खेळायचं थोडं आणि पोरांना शिकवायचं जास्त, त्यांना जाऊ दे. मी तुला म्हणालो, "तुला फुटबॉलमधलं काय कळतं?" वा रे शहाणा! मला तरी काय कळतं? मी कुंपणाच्या मचाणावर चढतो, भोंगा हातात घेतो आणि मैदानाकडे पाठ करून लोकांना गायला लावतो. म्होरक्याने खेळ बघायचा नसतो, ही आपल्या गॅलरीची रीत. मास मार्नोंचे सगळे गोल मी लोकांच्या चेहऱ्यांवर पाहिले. त्या चेहऱ्यांवरून मी शपथेवर सांगितलं असतं, की आपल्या पुत्रा सेगारा संघात त्यांच्यासारखा गडी नाही.

गेल्या रविवारी काय झालं ते तुला कोणीतरी सांगितलं असेलच, तरी माझ्या तोंडून ऐक. सगळी गॅलरी एकदम उठली, तोंडं उघडली, हात वर गेले. मी समजलो, गोल. त्यांच्या नावाचं गाणं सुरू केलं. पण ढोल वाजेना. माझा आवाज एकटाच भोंग्यातून चालला होता, आणि वर गेलेले हात हळूहळू डोक्यावर येत होते.

"अरे, वाजव ना," मी तेगुहवर ओरडलो.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू गात राहा. मागे वळू नकोस."

मी वळलो.

चेंडू कुठेतरी जाहिरातीच्या फळ्यांपाशी पडला होता. गोल सताड उघडा होता म्हणे. मास मार्नो गुडघ्यावर हात दाबून परत चालत येत होते. मग खेळ सुरू झाला आणि मी बघतच राहिलो. त्यांच्या आसपास कोणी नव्हतं. समोरच्या संघाने त्यांना अडवायला माणूसच ठेवला नव्हता. त्यांच्या अंगाला कायम दोघे-तिघे चिकटलेले असतात, असं मी ऐकत आलो होतो. आणि इथे ते मोकळ्या जागेत उभे राहून हात वर करून चेंडू मागत होते, आणि आपलीच पोरं दुसरीकडे चेंडू देत होती.

मला फार लाज वाटली. त्यांची नाही, माझी. गॅलरी गप्प झाली की मी समजायचो, लोकांचा जोर कमी पडतोय, आणि आणखी मोठ्याने त्यांचं नाव घ्यायला लावायचो. लोकांना दया येत होती, म्बाक. ते बिचारे माझ्यासाठी गात होते.

आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटते. ते गेले तर मी कोण? होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक माणूस. त्यांच्या नावाने हजारो लोक माझ्या एका हातावर उठतात आणि बसतात. तुझ्या दारात मी त्यांच्यासाठी आलो होतो की स्वतःसाठी, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

बुधवारी त्यांच्याकडे गेलो. ओसरीवर बसले होते, गुडघ्यावर मासळीबाजारातला बर्फ बांधून. सगळ्या ओसरीला बांगड्याचा वास.

"ये म्होरक्या," म्हणाले, "गॅलरी काय म्हणते?"

"गॅलरी म्हणते राहा. तेगुह म्हणतो, गेलात तर तो तुमचा शर्ट भर चौकात जाळेल."

"जाळू दे, जुनाच आहे. आणि तू?"

"मी म्हणतो, तुम्ही जा, मास."

ते हसले. त्यांना थट्टा वाटली. मग माझं तोंड बघून थांबले. "का रे? यानीने शिकवून पाठवलं?"

"नाही. रविवारी मी मागे वळून पाहिलं."

त्यांनी बर्फ सोडून बाजूला ठेवला.  मग म्हणाले, "म्हणजे तूही पाहिलंस."

मी मान डोलावली.

"गेलं वर्षभर सगळं मैदान माझ्याकडे बघतंय, कुंचोरो. तुझी बहीणही बघते, मी जिना उतरताना. पळताना तुझी पाठ दिसली की मला बरं वाटायचं. वाटायचं, एक माणूस आहे, त्याच्या लेखी मी अजून तसाच आहे."

एवढं बोलून आत गेले आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

कालपासून सरावाला गेलेले नाहीत. कालिमंतानवाल्यांना सोमवारी उत्तर हवंय, आणि हे जातो म्हणत नाहीत, राहतो म्हणत नाहीत. इबूने पाठवलेला भात तसाच परत येतो. तुला हवं होतं ते मी सांगितलं, आणि सांगितलं ते खरंच आहे. पण आता त्या घरात त्यांना थोपवणारं कोणी नाही आणि धीर देणारंही कोणी नाही. त्यांना जायचं होतं, ते मला आता कळतं. फक्त कोणीतरी "जाऊ नका" म्हणत असताना जायचं होतं.

ते मी त्यांच्याकडून काढून घेतलं. माझ्याच्याने परत देता येत नाही, भोंगा घेऊनही नाही.

तू ये. रविवारच्या आत ये. आल्यावर "मी म्हणत नव्हते का" असं म्हणू नकोस. आधी त्यांना राहा म्हण. एकदाच म्हण, मनापासून, आणि मग त्यांची बॅग भर. माझ्यावर रागवायचं असेल ते नंतर, सावकाश. मी कुठे जात नाही.

तुझ्या नवऱ्याला 'जा' म्हणालेला,
तुझा भाऊ
कुंचोरो