नळीच्या मागची बाजू

जर्मनी, ऑक्टोबर २०१७

आदरणीय बाबा,

तुमाले अन् मायले उर्वशीचा दुरून जय भीम.

मी बरी हाओ. इथं तूरडाळ भेटते, खोलीही ऊबदार हाय. आठ दिवसांत कोणाशी मराठीत बोलली नाही, म्हणून हे पत्र मोठ्यानं बोलत लिहून राह्यली.

इंजिनात तेलाचा फवारा कसा उडते, ते आम्ही महासंगणकावर पाहतो. ते गणित एवढं मोठं, की साठवायले जागा पुरत नाही. चालू असतानाच पडद्यावर पाहायचं. नजर जिथं लावली तेवढंच दिसते, बाकीचं पुसलं जाते.

काल मी नजर तेल उडवणाऱ्या नळीच्या मागं लावली. साहेब म्हणाले, "तिकडं काहून? तिकडं कोणीच नसते." पण फवाऱ्यामागं माणूस असते, हे मी आपल्या वावरात लहानपणापासून पाह्यलं. बारीक थेंब वळून मागंच येत होते, बाबा. समोरचं सारं मात्र पुसलं गेलं. बोलणी खाल्ली.

कपाशीची पऱ्हाटी यंदा तुमच्या डोक्याच्या वर वाढली म्हणे. तोंडाले बांधलेला लुगड्याचा तुकडा फवारणीच्या औषधानं ओला झाला तरी तोच ठेवता का? पांढरकवड्याच्या दवाखान्यात डोळे दाखवले का? फोनवर तुम्ही "बरं हाय" म्हणता अन् ठेवून देता.

आता फवारणीचा पंप पाठीवर घ्याल, तवा मायले दूर बांधावरून व्हिडिओ कॉल लावायले सांगा. बोलू नका. मी नुसती पाहीन.

तुमची,
उर्वशी