चार नंबरचं अडखळणं

२ ऑगस्ट २००४, घुग्घुस

आज कामावर रुजू झाले! गोंडपिपरीहून निघताना माझा भाऊ कैफ म्हणालाच, की पंधरा दिवसांत परत येशील आणि माझ्या शिलाईच्या दुकानात काज-बटणं करशील. मी म्हटलं, तुझी बटणं तूच लाव. इब्राहीमचाचांचं गेमचं दुकान झकास आहे: सहा कॉम्प्युटर, एक कुलर, आणि खिडकी उघडली की कोळशाची धूळ. चाचांची अट एकच. चार नंबरच्या मशीनवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम अडखळतो. गाडी पळता पळता थबकते, मग एकदम उडी मारते. पंधरा तारखेपर्यंत ते दुरुस्त केलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. आधीचा कारागीर श्रीहरी ते तसंच सोडून गडचांदूरला निघून गेला. मला तर अशीच हट्टी मशीनं आवडतात.

४ ऑगस्ट

कॅबिनेट उघडलं. पंख्यावर बोटभर काजळी. ती झाडली, रॅमची पट्टी खोडरबराने घासून पुन्हा बसवली, ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर नवा टाकला, हार्ड डिस्क डीफ्रॅग केली, गेममधल्या सावल्या आणि धूर कमी केला. सेकंदाला किती चित्रं पडतात तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात लावला. साठ, साठ, साठ, मग एकदम चार. पुन्हा साठ. गेम बनवणाऱ्यांनी अर्धवट काम करून विकायला काढला आहे हे खरं, पण बाकीच्या पाच मशीनवर तो बरा चालतो. मग याचाच एवढा माज का?

७ ऑगस्ट

सापडलं! श्रीहरीने एक छोटा प्रोग्राम लपवून ठेवला होता. तो मधूनमधून सगळा प्रोसेसर अडवून धरायचा. म्हणजे अडखळणं मुद्दाम लावलेलं! असला राग आला मला. प्रोग्राम काढून टाकला आणि गाडी सुळकन पळाली. आकडा साठवरून हलला नाही. चाचांनी समोसे मागवले. मी कैफला एसटीडीवरून मुद्दाम फोन केला.

सकाळची शिफ्ट संपवून खाणीतला फिटर बिलाल खेळायला आला. चार नंबरवर, गेममधल्या रस्त्याच्या टोकाशी एक माणूस उभा दिसतो, कपाळावर दिवा. बिलाल म्हणाला, पहले तर तो ठिपक्याएवढा होता ना बाजी, आता काऊन मोठा दिसून राह्यला? मी म्हटलं, चित्र साफ झालंय, म्हणून.

९ ऑगस्ट

पडद्यावरचा तो दिवेवाला माणूस आता चालतो. बाकी पाच मशीनवर तो नाही. रस्ता कुठलाही घ्या, गाडी कितीही पळवा, तो समोरूनच येतो. बिलाल खुर्चीवरून उठला. हा खाणीतला टोपीदिवा आहे, मी नाई बसत याच्यासमोर, म्हणाला.

श्रीहरीला फोन केला. त्याने आधी विचारलं, तुमी ते काढलं काऊन? मग सांगितलं. हे दुकान म्हणजे एका बंद खाणीची जुनी दिवाखोली. खाणीतून वर आलेला माणूस खिडकीशी बसलेल्या कारकुनाच्या हातात दिवा द्यायचा, तेव्हाच त्याची पाळी संपायची. एका पाळीची माणसं खालून वर आलीच नाहीत. ती खिडकी होती तिथेच आता चार नंबर आहे. चित्र अडखळलं की तो माणूस मागे जातो, म्हणून श्रीहरीने अडथळा लावला होता. जो तिथी बसते त्यालेच तो दिवा देते, आफ्रीनबाई, तुमी घेऊ नका, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

१० ऑगस्ट

प्रोग्राम परत टाकला तर चार नंबर अडखळणार, आणि मी काज-बटणांवर. नाही टाकणार. चाचा आता घाबरून म्हणतात, बेटा, मशीन बंदच ठेवू. बंद ठेवणं ही काय दुरुस्ती झाली?

१२ ऑगस्ट, दुपार

भीती वाटते. लिहूनच टाकते, भीती वाटते.

चाचांनी प्लग काढला. पडदा चालूच. कोपऱ्यात साठ. एकदाही अडखळत नाही— माझंच काम. प्रोग्राम टाकून पाहिला शेवटी. मशीन घेत नाही. चाचा दारातून हाका मारतात, बाहेर ये. मी जाणार नाही. आफ्रीन मशीन टाकून पळाली, असं कुणी म्हणायचं नाही.

१३ ऑगस्ट, सकाळ

पडदाभर चेहरा. डोळे मिटलेले. हात काचेच्या अलीकडे आला— दिवा.

घेतला. ओला, थंड. टेबलावर काळं पाणी सांडलं. त्याने मान हलवली, आणि गेला.

एवढंच तर होतं! एवढ्यासाठी सगळे—

त्याच्यामागे दुसरा दिवा आहे. त्याच्यामागे—

दुपार

सगळी पाळी रांगेत उभी. या म्हणावं. एकेक करून या. एकाचाही दिवा परत पाठवणार नाही.

कैफ आलाय. दारातून रडतो, घरी चल म्हणतो. उठायला गेले. उठता येत नाही. खुर्ची सोडत नाही—

रांग संपत नाही. दिवा देऊन गेलेले चेहरे पुन्हा—

चाचांना सांगा, नोकरी पक्की झाली. रडत नाही मी. डोळ्यांत कोळसा—

पुढचा. दे इकडे. पु—